वीतभर उंचीचा वारा

एक घनमीटर हवा तोलली तर ती जेमतेम सव्वा किलो भरते. तेवढ्याच मापाची गारगोटी अडीच टनांच्या पुढे जाते. ज्या हवेने दगड झिजवायचा, तिच्यापेक्षा तो दगड दोन हजार पटींहून जड आहे. नुसती स्वच्छ हवा एखाद्या घट्ट कातळावरून हजारो वर्षं वाहत राहिली, तरी त्याचं फारसं काही बिघडणार नाही. तरीही इराणच्या लूत वाळवंटात शंभर मीटरहून उंच कडे वाऱ्याने कोरले आहेत. इजिप्तमध्ये समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली गेलेला एक अवाढव्य खळगा आहे आणि तो खणण्यात वाऱ्याचा मोठा हात आहे. हे कसं झालं?

शाळेच्या भूगोलात याचं उत्तर तीन शब्दांत मिळतं: अपवहन, अपघर्षण, संनिघर्षण. वारा सुटे कण उडवून नेतो, उडत्या कणांनी खडक घासतो आणि घासता घासता ते कण स्वतःही झिजतात. शेजारी भूछत्र खडकाची आकृती असते, ती काढली की प्रश्न संपतो. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. वारा काय करतो यापेक्षा तो नेमका किती उंचीवर करतो, हे कळलं की वाळवंटाच्या बहुतेक आकारांचा उलगडा होतो.

हे कोडं सोडवलं एका लष्करी अभियंत्याने. राल्फ बॅगनॉल्ड १९२०च्या दशकात ब्रिटिश फौजेबरोबर इजिप्तमध्ये होता. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांमधून तो लिबियाच्या वाळवंटात शिरायचा. त्या भागाचे धड नकाशेही तेव्हा नव्हते. वाळूच्या टेकड्यांचे रेखीव आकार पाहून तो चक्रावून गेला. वाळू म्हणजे विस्कळीत, सुटी गोष्ट. ती आपोआप इतक्या शिस्तीने कशी रचली जाते, याचं उत्तर त्या काळच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. निवृत्तीनंतर त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये लाकडी फळ्या आणि काच वापरून वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू पसरली आणि वारा सोडून तो काचेतून पाहत बसला. पुढे त्याने हीच मापं प्रत्यक्ष वाळवंटात जाऊन ताडून पाहिली. त्याचं ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हे पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि या विषयाचा पाया आजही तेच आहे. मंगळावर क्युरिऑसिटी या गाडीने पाहणी केलेल्या वाळूच्या टेकड्यांना बॅगनॉल्डचं नाव आहे ते यामुळेच.

काचेतून त्याला काय दिसलं? वाऱ्याचा वेग वाढवत नेला की ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पहिले कण हलू लागतात. थोडे लोळतात आणि मग एखादा कण अचानक जवळजवळ सरळ वर उडतो. वर वारा जोरात असतो, तो कणाला पुढे ढकलतो. कण वेग घेऊन तिरका खाली येतो, जमिनीवर आदळतो, स्वतः पुन्हा उसळतो आणि आदळताना आणखी काही कण उडवून देतो. तेही वर जातात, वेग घेतात, आदळतात. काही सेकंदांत सगळी जमीन उड्या मारू लागते. असा एक वेगवान कण स्वतःच्या सहापट व्यासाचा, म्हणजे दोनशेपट वजनाचा खडा पुढे सरकवू शकतो, असं बॅगनॉल्डने मोजून दाखवलं. वारा एकट्याने जो खडा हलवूच शकला नसता, तो वाळूच्या माऱ्याने चालू लागतो. एकदा का हा खेळ सुरू झाला की वाऱ्याच्या वेगात थोडी वाढही भारी पडते. वेग दुप्पट झाला तर वाहणारी वाळू निदान आठपट होते. वर्षभराच्या मंद झुळुकांनी जे होत नाही, ते दोन-चार दिवसांच्या वादळात होऊन जातं, त्याचं कारण हे.

सर्वात बारीक धूळ सर्वात आधी उडत असेल, असं आपण धरून चालतो. पण बॅगनॉल्डने सिमेंटची कोरडी पूड सपाट पसरून तिच्यावर वारा सोडला, तेव्हा छोटे खडे हलवणाऱ्या वाऱ्यालाही ती दाद देईना. इतके बारीक कण एकमेकांना चिकटून असतात आणि जमिनीलगत वारा जिथे जवळजवळ थांबलेला असतो, त्या थरातच दडून राहतात. वाऱ्याला सर्वात सहज उचलता येतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण, म्हणजे बारीक वाळू. धुळीला जागेवरून उठवायला आधी कुणीतरी धक्का द्यावा लागतो: आदळणारी वाळू, मेंढरांचे खूर, गाडीचं चाक. एकदा हवेत गेली की मात्र ती कित्येक दिवस खाली येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामी येणार आहे.

वाळूची उडी मात्र बुटकी असते. वाळूवरून उसळलेले कण काही सेंटिमीटर वर जातात. कठीण दगडावर आदळले तर जास्त उसळतात, तरीही डोक्याच्या उंचीला पोचणारे थोडेच. दूरवरून भिंतीसारखी चालून येणारी आंधी दिसते ती बहुतांशी धुळीची. खडक कापणारी वाळू त्या भिंतीच्या पायाशी, गुडघ्याच्या खालीच असते.

किती खाली, तेही मोजलं गेलं आहे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शार्प यांनी १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात, वारा भणभणत असतो अशा जागी, प्लास्टिकच्या कांड्या, विटा आणि दगड जमिनीत रोवून ठेवले आणि वर्षानुवर्षं त्यांची झीज मोजली. कांडी सर्वात जास्त झिजली ती जमिनीपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर. आपल्या जुन्या मापात हे बरोबर एक वीत होतं. अगदी जमिनीलगत कण पुष्कळ असतात, पण त्यांनी अजून वेग घेतलेला नसतो. वर गेलं की कण वेगवान असतात, पण विरळ. या दोन्हींचा मेळ वीतभर उंचीवर जमतो आणि वाऱ्याच्या करवतीची धार तिथे सर्वात तेज असते.

या धारेखाली पडून राहिलेला दगड कसा दिसतो, हे निरखून पाहण्यासारखं आहे. मुठीएवढा, वाळवंटात उघड्यावर सापडलेला दगड घ्या. त्याची वाऱ्याकडची बाजू उतरती आणि सपाट झालेली असते. दगड चुनखडीचा असेल तर तिच्यावर वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या बारीक पन्हाळ्या दिसतात. गारगोटीसारखा कठीण असेल तर ती बाजू तुळतुळीत होऊन चमकते. ग्रॅनाइट असेल तर मऊ खनिजांच्या जागी खळगे पडतात आणि कठीण कण वर उरतात, बोट फिरवलं की खरखर जाणवते. मागची बाजू मात्र मूळचीच, ओबडधोबड. झिजलेली आणि न झिजलेली बाजू जिथे मिळते तिथे एक सरळ धार तयार होते. कालांतराने दगडाच्या पुढची वाळू खणली जाते, दगड त्या खड्ड्यात कलंडतो आणि नवी बाजू वाऱ्यासमोर येते. मग दुसरा पैलू पडतो, तिसरा पडतो. तीन धारांच्या अशा दगडांना जर्मन अभ्यासकांनी दिलेलं ‘ड्रायकांटर’ हे नाव जगभर रूढ झालं आहे. ज्या वाऱ्याने ते घासले तो आज वाहत नसला, तरी या धारांवरून त्याची दिशा वाचता येते.

आता त्या भूछत्र खडकाकडे येऊ. वरचा भाग रुंद, बुंधा बारीक. वीतभर उंचीवर जास्त घास बसतो, म्हणून तळ झिजला, हे स्पष्टीकरण ऐकायला चोख वाटतं. ते खरंही आहे, पण अपुरं आहे. इजिप्तच्या फराफ्राजवळच्या पांढऱ्या वाळवंटात खडूच्या खडकाचे असे शेकडो आकार उभे आहेत आणि त्यातल्या कित्येकांचा बुंधा माणसाच्या उंचीपेक्षाही वरपर्यंत निमुळता आहे. वाळूची उडी तिथवर पोचत नाही. तिथे दुसरे कामगार आहेत. जमिनीलगत ओल टिकते, पहाटे दव पडतं, ओलीबरोबर क्षार खडकाच्या छिद्रांत चढतात आणि ऊन पडलं की त्यांचे स्फटिक फुगून खडकाचा पापुद्रा सुटा करतात. सुटलेला भुगा वारा घेऊन जातो. खडकाचे थर मुळातच कमीजास्त कठीण असतील तर हे सगळं आणखी ठळक होतं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने सगळं श्रेय वाऱ्याला दिलं आहे, ते निम्मं पाण्याला आणि मिठाला द्यायला हवं.

लूतमध्येही हेच आढळतं. इराणच्या आग्नेय भागातल्या या वाळवंटाला युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. उपग्रहांनी मोजलेल्या जमिनीच्या तापमानात त्याचा क्रमांक वारंवार पहिला आला आहे. २००५ मध्ये तिथली जमीन ७०.७ अंश सेल्सियसपर्यंत तापल्याची नोंद झाली. याच्या पश्चिम भागात एकमेकांना समांतर अशा मातीच्या लांबच लांब रांगा आहेत. स्थानिक लोक त्यांना कलूत म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात त्या यारदांग म्हणून येतात. यारदांग हा मध्य आशियातला तुर्की शब्द. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिनने लोप नूरच्या कोरड्या सरोवराच्या परिसरातून तो जगापुढे आणला. कलुतांच्या रांगा वायव्येकडून आग्नेयेकडे धावतात, कारण उन्हाळ्यातला जोरदार वारा त्याच दिशेने वाहतो. या रांगा मुळात एका जुन्या सरोवराच्या तळाच्या गाळाच्या आहेत. पाणी आटलं, गाळ तडकला, अधूनमधून पडणाऱ्या पावसाने तडांच्या घळी केल्या आणि त्या घळींमध्ये वारा शिरला. घळीत कोंडला की त्याचा वेग वाढतो, वाळू तळ खरवडते, घळ रुंद होते, मधला भाग कड्यासारखा उभा राहतो. लहान यारदांगांना उपड्या घातलेल्या होडीचा आकार येतो: वाऱ्याकडचं तोंड बोथट आणि उंच, मागचं टोक निमुळतं. पूर्ण घडलेल्या यारदांगाची लांबी रुंदीच्या साधारण चौपट भरते, आणि या प्रमाणात वाऱ्याला सर्वात कमी अडथळा होतो. वारा खडकाला झिजवत झिजवत अखेर असा आकार देतो की तिथे त्याचंच काम मंदावतं.

वाऱ्याच्या खोदकामाला खालून मर्यादा असते, ती पाण्याची. इजिप्तच्या वायव्येला कत्तारा नावाचा खळगा आहे. त्याचा सर्वात खोल बिंदू समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली आहे आणि क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात मोठ्या, अहिल्यानगर जिल्ह्याहूनही जास्त. जुन्या काळच्या प्रवाहांनी आणि क्षारांनी तिथला खडक पोखरला आणि सुटा झालेला माल वाऱ्याने बाहेर नेला. नदीला असा खळगा रिकामा करता येत नाही. तिला उतार लागतो, गाळ चढावरून बाहेर काढणं तिच्या हातात नाही. वाऱ्याला तो अडसर नाही. पण खणता खणता भूजलाची पातळी लागली की ओली वाळू चिकटून बसते आणि खोदकाम थांबतं. कत्ताराच्या तळाशी आज क्षारांचा दलदली पट्टा आहे. त्या पट्ट्यातून रणगाडे जाऊ शकत नव्हते, म्हणून १९४२ मध्ये अल अलामीनची लढाई समुद्र आणि कत्तारा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत लढली गेली. भूजलाच्या पातळीने वारा अडवला आणि त्याच खळग्याने पुढे फौजा अडवल्या.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेकड्या येतात, पण सहारात वाळूने झाकलेला भाग साधारण चौथाईच आहे. बाकी सगळा उघडा कातळ आणि खडी. खडीची ही मैदानं पाहिली तर कुणीतरी दगड एकेक करून बसवल्यासारखे वाटतात, दगडांमध्ये बोट घालायला जागा नसते. त्यांची जुनी कहाणी सोपी होती: दगड आणि माती मिसळलेली होती, वाऱ्याने माती नेली, दगड मागे राहिले. काही ठिकाणी ती खरीही आहे. पण अशा मैदानातला एक दगड उचलून पाहा. खाली फिकट, मऊ माती लागते. तिच्यात हवेच्या सुईएवढ्या पोकळ्या असतात आणि तिच्यात दगड जवळजवळ नसतातच. वारा माती उपसत गेला असता, तर खालच्या मातीतही दगड सापडायला हवे होते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात स्टीफन वेल्स, लेस्ली मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विसंगती धरून ठेवली. ज्वालामुखीच्या जुन्या लाव्ह्यावर पसरलेले दगड त्यांनी तपासले. दगड आकाशाखाली किती काळ उघडे आहेत, हे वैश्विक किरणांच्या खुणांवरून मोजता येतं. पृष्ठभागावरचे दगड लाव्ह्याइतकाच काळ उघडे असल्याचं निघालं. म्हणजे ते कधी पुरलेच गेले नव्हते. वाऱ्याबरोबर आलेली धूळ दगडांच्या फटींतून खाली शिरत गेली, तिचा थर वाढत गेला आणि दगड त्या थरावर तरंगत वर आले. ज्या वाऱ्यावर माती चोरल्याचा आळ होता, त्यानेच ती आणून भरली होती. या सगळ्या विषयात मला हा शोध सर्वात मोलाचा वाटतो. एक दगड उलटा करून खाली बघण्याचे कष्ट घेतले, म्हणून तो लागला.

खडीचं हे कवच एकदा जमलं की जमीन शांत होते. वारा वरून जातो, त्याला उचलायला काही मिळत नाही. पण कवच एका दगडाच्या जाडीचं असतं. अमेरिकेने १९४२ ते १९४४ या काळात मोहावीत रणगाड्यांच्या फौजेला प्रशिक्षण दिलं. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही जमिनीवर ठळक दिसतात. दगड एकदा विस्कटले की पुन्हा जागेवर यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. दगड नसलेल्या जागी हेच काम सूक्ष्म जीव करतात: मातीच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये नीलहरित जिवाणू आणि शेवाळं धाग्यांनी कण बांधून ठेवतात. या बांधलेल्या कवचावर पाय पडला तरी ते चुरतं.

ते चुरलं की काय होतं, ते वर सांगून झालं आहे. धूळ आपण होऊन उठत नाही, तिला धक्का लागतो. चाडमधल्या बोडेले खळग्यात हा धक्का निसर्गच देतो. तिबेस्ती आणि एन्नेदी या डोंगरांमधल्या खिंडीतून जोराचा वारा सुटतो आणि आटलेल्या प्राचीन सरोवराचा हलका गाळ फोडून उधळतो. जगातली सर्वात धुळकट जागा म्हणून ती ओळखली जाते. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते आणि तिच्याबरोबर फॉस्फरसही पोचतो. इतकं लांब कशाला, जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबईत आली होती. सूर्य फिकट झाला आणि गाड्यांवर पांढुरकी पूड बसली.

जमिनीलगतच्या वीतभर थरातच सगळं ठरत असेल, तर वाऱ्याला रोखायचं तेही तिथेच. चीनमध्ये बाओटौ ते लान्झौ रेल्वे १९५८ मध्ये सुरू झाली आणि शापोटौजवळ ती सरकत्या वाळूतून नेणं भाग होतं. तिथे मोठ्या भिंती बांधल्या नाहीत. गव्हाचं काड वाळूत खोचून मीटरभर बाजूचे चौकोन आखले. काड वाळूच्या वर जेमतेम वीतभर राहिलं. तेवढ्याने जमिनीलगतचा वारा मोडला, कण उड्या मारायचे थांबले, चौकोनांत बारीक माती साठू लागली, मग झुडपं लावली. रेल्वे आजही तिथून धावते. जोधपूरच्या ‘काझरी’ या संस्थेने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, थर वाळवंटातल्या टेकड्यांवर हाच विचार वापरला. काटक्याकुटक्यांचे बुटके अडथळे वाऱ्याला आडवे घालायचे आणि त्यांच्या आडोशाला झाडं जगवायची.

थरच्या शेतकऱ्याला हे नवीन नव्हतं. तिथल्या शेतात खेजडीची झाडं उभी असतात, बांधावर आणि शेतातही झाडबोरीची झुडपं राखलेली असतात, जैसलमेरच्या गायरानांत सेवण गवताचे ठोंब वाळू धरून असतात, वाळूच्या टेकड्यांवर फोगाची झुडपं असतात. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडायचा, मुळं शाबूत राहायची. ट्रॅक्टरच्या तव्यांनी ती मुळं उखडली. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सर्वात जोरात असतो आणि नेमका तेव्हाच नांगरलेला पट्टा उघडा पडलेला असतो. मग शेजारच्या धड जमिनीवरही वाळू चढते.

जैसलमेरहून समच्या टेकड्यांकडे जाताना वाटेत मैलोन्‌मैल पिवळट खडकाचं आणि खडीचं माळरान लागतं. तिकडचे लोक त्याला मगरा म्हणतात. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात असंख्य कुटुंबं तिथे जातात आणि त्या माळाकडे न बघता टेकड्या गाठतात. तुम्ही गेलात तर वाटेत गाडी थांबवा, खाली उतरा, एखादा दगड उलटा करून पाहा आणि होता तसाच परत ठेवा. आणि जीपवाल्याने मजा म्हणून गाडी रस्ता सोडून त्या खडीवर घालायची तयारी दाखवली, तर त्याला नको म्हणा.